‘सगळे’ लिहिलं की कोण राहतं

माझी मैत्रीण शैलाताई गेल्याचा फोन तिच्या भावाने केला आणि मी सवयीने कामाला लागले. कुणाला कळवायचं, कोण काय आणणार... सगळं नीट पार पडलं. आता काही आठवड्यांनी, दुपारी हात रिकामे झाले की ती धुक्यातून आल्यासारखी समोर येते.

कर्वेनगरच्या तिच्या फ्लॅटमध्ये पूर्वी रना राहायची, पॅलेस्टाइनहून शिकायला आलेली. लिफ्टमध्ये कुणी विचारलं की ती देशाचं नाव सांगायची आणि लोकांना ‘पाकिस्तान’ ऐकू यायचं. एकदा सोसायटीचे सेक्रेटरीच दारात. “अहो, पाकिस्तानी मुलगी ठेवलीत म्हणे?”

“आधी कान तपासून घ्या, मग या,” शैलाताई म्हणाली. पण रना कंटाळली आणि ‘जॉर्डन’ सांगू लागली. ते शैलाताईला कळलं. संध्याकाळी तिला म्हणाली, “आम्ही बौद्ध. आडनाव कळलं की खोली नेमकी आधीच भाड्याने गेलेली असायची. मग मी खोटं आडनाव सांगितलं. खोली मिळाली गं... पण त्या नावाने कुणी हाक मारली की मी वळायचेच नाही.”

पुढे रना परदेशी स्थायिक झाली. तिथलं सरकार वंशद्वेषाविरुद्धचं धोरण नव्याने लिहीत होतं आणि लोकांच्या सूचना मागवत होतं. पॅलेस्टिनींच्या द्वेषाची त्यात स्वतंत्र व्याख्या हवी, असा रनाचा आग्रह. तिने मसुदा शैलाताईकडे पाठवला. मी म्हटलं, “‘सर्व प्रकारचा भेदभाव’ लिहिलं की झालं. सुटसुटीत.”

“तू वाण्याला ‘सगळं सामान’ लिहून पाठवतेस? जिरं, मोहरी वेगळं का लिहितेस?”

“नाहीतर तो विसरतो.”

“हं,” ती म्हणाली आणि चष्मा लावला. स्वतःच्या देशाचं नाव लपवायची पाळी माणसावर आणणं, हेही व्याख्येत घे, असं तिने रनाला सुचवलं.

ते वाक्य राहील की नाही, अजून ठरलेलं नाही. अशा व्याख्येने इतरांच्या बोलण्यावर बंधनं येतील, असं तिथे काहींना वाटतं. वाद चालू आहे... शैलाताई तेवढी थांबली नाही.

परवा तिची खोली आवरायला गेले. पडदा हलत होता, भिंतीवर ऊन पाण्यासारखं डुलत होतं. तेवढ्यात रनाचा फोन. “मावशी, उद्या मला धोरण लिहिणाऱ्यांसमोर बोलायचंय. ते वाक्य वाचून दाखवू?” शैलाताई कुठलाही मजकूर शेवटी असाच, कुणाकडून वाचून घेऊन, डोळे मिटून कानाने तपासायची. मी तिच्या खाटेवर बसले, डोळे मिटले. रनाने वाचलं.

“परत वाच,” मी म्हटलं. “देशाचं नाव आलं की घाई करतेस.”