भोंग्यात हरवलेला ढोल

हदगावच्या बाजारात रिक्षाच्या टपावरचा भोंगा कोकलून राहिला होता आणि माझी जिंगल त्यात कुठंच नव्हती.

"उस्ताद, ये क्या दिये तुम? मच्छर गा रा क्या?" रिक्षावाले सलीमभाई म्हणाले.

जिंगल गिरिजाताईंच्या मसाला कांडप केंद्राची. शाळेतलं खिचडी शिजवायचं काम सोडून त्यांनी मशीन टाकलं होतं. आज उद्घाटन. बाजाराच्या दिवशी बायका मिरची घेतात आन् तशाच कांडपाला नेतात. आज बायका गावातल्या जुन्याच कांडपावर गेल्या, की ताईंचं दुकान बसलंच.

ताईंचा दीर दुकानाच्या दारातच उभा. "वहिनी, खिचडीचं काम परत मागून ठेवा."

ताई मशीनवरचा हार सरळ करत राहिल्या. मला लई वाईट वाटलं.

नांदेडच्या स्टुडिओत मी सॉफ्टवेअरमधून असा ढोल लावला होता, की गल्लीतल्या पत्र्यांचे खिळे निघाले. कंप्युटरवर प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी असते, तिला ट्रॅक म्हणतात. सगळ्यांचे आवाज एकमेकांशी जुळवणं म्हणजे मिक्सिंग. ते मी केलं मोठ्या स्पीकरवर. भोंग्याला खर्ज झेपतच नाही. ढोल गायब, आणि ढोलाच्या तोऱ्यात मी दाबून ठेवलेली गायिकाही गायब.

लॅपटॉप घेऊन रिक्षात बसलो. वायर थेट भोंग्याला.

"सलीमभाई, हळू घ्या."

ढोल काढला, चढ्या आवाजाची हलगी घातली, गायिकेला वर आणलं. मिक्सिंगमध्ये एकच ओळ परत परत वाजवावी लागते. सगळा बाजार ऐकत होता:

"मिरची तुमची, मशीन ताईची, डोळ्यांदेखत कांडायची!"

मिरचीचं गाठोडं घेतलेली एक मावशी रिक्षाला आडवी आली. "आरं, म्होरलं गाणं हाय का न्हाई? का एवढंच येतंय तुला?"

"मावशी, दुरुस्ती करून राहिलो."

"कर बाबा. आमचं तर पाठ झालं."

झालंच होतं! पोरं ओरडत होती, भाजीवाल्या गुणगुणत होत्या, म्हशीसुद्धा ठेक्यात रवंथ करू लागल्या. मावशीनं विचारलं, "हाय कुठं ही ताई?" सलीमभाईंनी रिक्षा तिकडं वळवली. मागं बायकांची ही रांग! तिचं शेपूट पार दूरच्या तामसा गावात असावं.

संध्याकाळी दीर घामाघूम होऊन मिरचीची पोती उतरवत होता. ताई त्याला म्हणाल्या, "भाऊजी, खिचडीवाल्यांना निरोप द्या, मला वेळ न्हाई."

पूर्ण जिंगल आजवर कुणी ऐकली नाही. त्या दिवशी मी एक शिकलो: काम जिथं वाजणार, तिथंच ऐकून तपासावं. म्हणून स्टुडिओतच भोंगा बसवला. शेजाऱ्यांनी घर बदललं.