माझ्या तोंडून सरांचा आवाज

"हे मशीन आधी पुसून घे. मग बाकीचे बसतील." सर बोलले. सगळ्या टीमसमोर.

पुसायचं म्हणजे फडक्याने नाही. आतलं सगळं उडवून सिस्टीम नव्याने टाकायची. अख्खी दुपार जाते.

माझा गुन्हा काय? लोअर परळच्या आमच्या ऑफिसात लिनक्सच्या कर्नलचं काम चालतं. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. तो पूर्ण सर्व्हरवर बिल्डला टाकला, म्हणजे कोडपासून नव्याने तयार करायला लावला, की बसा ताटकळत. म्हणून मी बिघडलेलं तेवढं एकच मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा एक तुकडा, माझ्या लॅपटॉपवर बिल्ड केलं, टेस्टच्या मशीनवर चढवलं, चूक धरली, दुरुस्त करून परत चढवलं. टीममधला मंदारही तेच करतो. सगळेच करतात. त्यांच्यानंतर मशीन कोणी पुसत नाही.

"तुमच्या डिलाईल रोडच्या चाळीत चालत असेल कसंही. इथे नाही." हेही सर बोलले. मंदार हसला. मीसुद्धा हसले. च्यायला, मी का हसले?

मला नोकरीत कायम व्हायचं होतं, म्हणून. मग सवयच लागली. काम झालं की कोणी सांगायच्या आत निमूट पुसायला बसायचं.

पुढे सुजाता आली. घोडपदेवची, माझ्याच वयाची, लेक शाळेत जायला लागल्यावर पुन्हा नोकरी धरलेली. तिनेही मॉड्यूल स्वतः बिल्ड करून चढवलं. समोरून सर येताना दिसले. ते तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "अगं, आधी मशीन पुसून घे!" अगदी सरांच्याच आवाजात.

तिने वर पाहिलं. "सकाळी मंदारने पण हेच केलं ना? त्याला बोललीस?"

सर खूश होऊन मान डोलवत होते. मला माझीच किळस आली. माझा अपमान मी गिळला होता, तो माझा प्रश्न. पण तोच मी तिच्या ताटात वाढला होता. स्वतःच्या हाताने.

"सुजाता, राहू दे. नको पुसूस." मग सरांकडे वळले. "नियम असेल तर मंदारनेही पुसायचं. नसेल तर आम्हीही नाही पुसणार."

"जड जाईल तुला."

"जाऊ दे."

सुजाताची माफी मागितली. तिने नाही केलं माफ. बरोबरच आहे तिचं. ही बोच जाणार नाही, जाऊही नये. मला कायम करायचं की काढायचं, ते त्यांनी ठरवावं. मी तिथे आहे तोवर आमच्यातल्या कुणाला वेगळं काढू देणार नाही. त्यांना नाही, आणि मला स्वतःलाही नाही.