पहिल्या प्रवेशातली घागर

साताऱ्याहून सांगलीला जाताना वाटेत जेवढी गावं लागतात, त्यांत असा एक माणूस सापडणार नाही की ज्याची एखादी वस्तू आमच्या अक्काच्या चुलतसासऱ्यांनी नाटकासाठी मागून नेली नाही. आणि सापडलाच तर त्याच्या घरात वस्तूच नसतील. अक्का त्यांना मामंजी म्हणायची, म्हणून आम्ही मामा म्हणायचो. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. खरं तर पलटणीत ते हवालदार होते, तेही कोठारावर. वीस वर्षं त्यांनी बंदुकीपेक्षा बादल्याच जास्त सांभाळल्या. पेन्शनीत आले आणि शाळेचं संमेलन व आमच्या हौशी मंडळाचं नाटक, या दोन्हींचा पडद्यामागचा कारभार आपसूक त्यांच्याकडे गेला. नाटक कुठलं, नायक कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. नाटकाची वही हातात दिली की भाषणं गाळून ते फक्त कंसातला मजकूर वाचत. एकदा तालमीत नायिका विष पिऊन मेली आणि आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मामांनी खालच्या आवाजात विचारलं, "पेला कुणाच्या घरचा?"

मंडळाजवळ स्वतःचा म्हणून एक विटका पडदा होता. बाकी सगळं मागून आणलेलं. आणलेल्या वस्तूवर मामा मालकाचं नाव घालत: लाकडावर खडूनं, भांड्याच्या बुडाला डांबरानं. पण देणाऱ्यानं का द्यावी? तर मामांचा एक कायदा होता. ज्याची वस्तू रंगमंचावर, तो माणूस पुढच्या बाकावर. आणि तेही वस्तू ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं. हा कायदा पलटणीतला की त्यांच्या डोक्यातला, कुणी विचारलं नाही. परिणाम मात्र असा व्हायचा की पुढची रांग नाटक बघतच नसे, आपापली वस्तू बघत बसे. राजानं संतापून सिंहासनावर मूठ आपटली की पाटील खालून ओरडत, "आरं हळू गड्या! शिसवी हाय ती!" आमच्या जैन शेटजींनी भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. प्रवेश रात्रीचा, म्हणून मामांनी काटे आठावर नेऊन ठेवले. बाहेर लख्ख ऊन असताना शेटजी ताडकन उठले. "सूर्य मावळला की! जेवण राहिलं!" लोकांनी ऊन दाखवलं, तर म्हणाले, "उन्हाचं मला सांगू नका, माझं घड्याळ कधी चुकत नाही."

लख्ख ऊन, कारण लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं. गॅसबत्त्या पेटवायच्या कशानं? म्हणून आमची नाटकं शाळेच्या अंगणात दुपारी चार वाजता होत. आता चार वाजता मध्यरात्र दाखवायची कशी, यावर आम्ही तीन बैठका घेतल्या. मामा एकाही बैठकीला आले नाहीत. प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडल्यावर ते स्वतः अंगावर घोंगडी घेऊन रंगमंचावर आले, पेटता कंदील खाली ठेवला, एक दणदणीत जांभई दिली आणि निघून गेले. पुढच्या दोन रांगा जांभया देऊ लागल्या. रात्र झाली.

मी तेव्हा पत्रकं लिहीत होतो. अजूनही लिहितो. त्या वर्षी सार्वजनिक म्हणवणाऱ्या आणि निम्म्या गावाला दोर टाकू न देणाऱ्या विहिरीवर मी नाटक लिहिलं. राजाशिवाय आमच्याकडे नाटक होत नसे, म्हणून त्यातही एक राजा होता. शेवटच्या अंकात गावाबाहेरच्या वस्तीतली बाई त्या विहिरीवर घागर भरते आणि सगळे ते पाणी पितात. मी मामांना बजावलं की घागर वस्तीतल्याच घरची पाहिजे, ढोंग चालणार नाही.

"बरं," मामा म्हणाले. "पण पहिल्या प्रवेशात घे."

"का?"

"चारला ऊन समोरून असतं. तांबं चमकतं. सहाला काय, काळं बोचकं दिसंल."

मी भडकलो. अख्ख्या नाटकाची रचना एका भांड्याच्या चकाकीसाठी बदलायची? "मामा, हा समाजाचा प्रश्न आहे! तुम्हाला त्याच्याशी काही देणंघेणं आहे का?"

"मला उन्हाशी हाय," म्हणून ते खुंट्या ठोकायला गेले. मी त्यांना मनातल्या मनात भेकड ठरवलं. आणि दिग्दर्शकाला चकाकी पटल्यामुळे रडतखडत रचना बदलली.

वस्तीत मामा स्वतः गेले. सोनाबाईचा मुलगा पलटणीत होता, त्यानं पाठवलेल्या पैशांतून तिनं तांब्याची घागर घेतली होती. ती मामांनी डोक्यावर घेऊन भर बाजारातून आणली.

प्रयोगाच्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना गलका ऐकू आला. बाहेर बघतो तर पुढच्या बाकावर, अगदी पहिल्या जागी, सोनाबाई अंग चोरून बसलेली. ज्यांनी तिला अंगणाच्या दारातून आत येऊ दिलं नसतं, ते सगळे मागे उभे. पाटील लाल झालेले.

"आवं सुभेदार, ही कुठं बसलीया?"

"पहिल्या जागी. घागर पहिल्या प्रवेशात हाय."

"आन् मी?"

"तुमी तिसऱ्या अंकात. म्हंजे आठवी जागा."

"असं व्हय? मग माझी खुर्ची न्हेतो मी घरी!"

पत्रकातली चाळीस वाक्यं माझ्या ओठांवर आली. नाटक मोडणार, विहीर राहणार, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मामांनी मात्र खिशातून खडू काढला.

"न्या की. पर मग तुमची वस्तू न्हाई, म्हंजे जागाबी न्हाई. मागं उभं ऱ्हावं लागंल. राजा बसंल शेटजींच्या पाटावर."

पाटलांनी शेटजींकडे बघितलं. शेटजींचा चेहरा खुलला होता. गेली सहा वर्षं राजा पाटलांच्या खुर्चीवर बसत होता.

सोनाबाई उठायला लागली. "ऱ्हाऊ द्या दादा, मी जाते."

"बसा," मामा कोठारावरच्या आवाजात म्हणाले. "तुमी गेलात तर घागरीकडं कोण बघणार?"

शेवटी पाटील आठव्या जागी जाऊन बसले, आणि शेटजींना म्हणाले, "पाटावर कुठं राजा बसतो व्हय?" पडदा उघडला. घागर उन्हात अशी झळाळली की मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. माझी भाषणं त्या दिवशी कुणी ऐकली की नाही, ठाऊक नाही. सोनाबाई घागरीकडे बघत होती आणि गाव सोनाबाईकडे.

मामा आता सांगलीला मुलाकडे असतात. डोळ्यांनी कमी दिसतं. यंदा आमच्या मंडळानं आधुनिक नाटक केलं. बॅरिस्टरचा दिवाणखाना, भाड्याचं सामान लॉरीतून आलेलं. सगळं एकसारखं, कुणाचंच नाव नसलेलं. पुढच्या रांगेत तिकीटवाले. प्रयोगाआधी सोनाबाई अंगणाच्या दाराशी आली.

"दादा, घागर लागंल का?"

"यंदा घागर नाही, सोनाबाई."

"बरं," ती म्हणाली आणि सवयीनं मागे कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. मी पत्रकं लिहिणारा माणूस. आणि मला तिला पुढे बोलावण्याचं एकही वाक्य सुचेना.

मग मी धावत जाऊन घागर मागून आणली आणि बॅरिस्टरच्या दिवाणखान्यात, सोफ्याशेजारी, पहिल्याच प्रवेशात ठेवली. ती तिन्ही अंक तिथं का होती, हे प्रेक्षकांना अजून कळलेलं नाही. पहिल्या जागेवरच्या तिकीटवाल्याला मी उठवलं. तो चिडला, पण उठला.

हे मी मामांना कळवलं. मुलाकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. शाबासकी नव्हती. एवढंच होतं: "घागर परत पोचती केलीस का? बुडाचं नाव पुसट झालं असेल, पुन्हा घाल."

मी ती पोचती करायला गेलो तेव्हा उलटी करून बघितली. नाव पुसट झालं होतं खरं. पण अक्षर मामांचं होतं. डांबराची डबी खिशात असूनही त्यावर गिरवायला माझा हात धजला नाही.