लाल कापडाची पाणपोई

"आधी पानी पे, मंग भे."

गोळीबाराचा आवाज आला की काका माझ्या हातात पेला द्यायचे आणि एवढंच म्हणायचे. शेजारी नुसतं उभं राहिलं तरी छातीतली धडधड खाली बसते, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी देऊळघाटचा. सातवीत शाळा सुटली. आफ्रिकेतल्या शांतिसेनेच्या छावणीत ठेकेदाराकडे भांडी घासायला आलो. काका आमच्याच जिल्ह्यातल्या अमडापूरचे, फौजेत हवालदार. पहिल्या दिवशी त्यांना साहेब म्हणालो, तर म्हणाले, "गावाकडचा असून साहेब काऊन म्हणतं बे? काका म्हण."

छावणीच्या फाटकाबाहेर त्यांनी पाणपोई लावली होती. आपल्याकडे उन्हाळ्यात लावतात तशीच. रांजण, झाकण, भोवती ओलं लाल कापड. शेजारी एक भाजीवाली बसायची. मागच्या निवडणुकीत मतदानाच्या रांगेतच तिचा भाऊ मारला गेला होता. यंदा शांतिसेनेची मुदत मतदानाआधीच संपत होती. आमची बांधाबांध पाहून ती रोज विचारायची, "तुम्ही गेल्यावर आम्ही मत द्यायला जायचं कसं?" काकांना तिची भाषा मोडकीतोडकी यायची. ऐकून ते तिचा पेला भरत.

मग हुकूम आला, मतदान होईपर्यंत मुदत वाढली. भाजीवाली रडता रडता हसली. मी मात्र बांधलेली वळकटी सोडायला तयार नव्हतो.

"काका, घरी काय सांगाल?"

"सांगीन, तुह्यासारखं भित्रं पोट्टं सांभाळून राह्यलो."

प्रचार सुरू झाला आणि निम्मी माणसं रांजणाला वळसा घालून जाऊ लागली. एक जण तर रांजणाकडे पाहून थुंकला. भाजीवालीनं काकांना सांगितलं, "लाल झेंडा एका पक्षाचा. तुम्ही त्यांचेच, असं लोक म्हणतात. तुमच्या पहाऱ्यात आमच्या वस्तीतलं कुणी मतदानाला येणार नाही."

काकांचा चेहरा पडला. "आपल्याकडं लाल कापड म्हंजे गार पानी. लय मोठी चूक झाली बे."

त्यांनी कापड सोडलं, आमच्या तांदळाचं बारदान भिजवून गुंडाळलं आणि भर रस्त्यात उभे राहिले. एक पेला स्वतः प्यायचे, दुसरा पुढं धरायचे. लोक तोंड फिरवून जायचे. ते रोज उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं पेला घेतला, तेव्हा भाजीवालीनं देवाचं नाव घेतलं.

मतदानाच्या दिवशी दोन्हीकडची माणसं त्याच रांजणाचं पाणी पिऊन मतदानाच्या शाळेकडे गेली. भाजीवाली शाईचं बोट उंच धरून परतली. काका पाठीला बंदूक लावून पेले विसळत होते. मी भ्यायचंच विसरलो.

फौज परतली, काकाही गेले. आम्ही ठेकेदाराची माणसं सामान आवरायला मागं राहिलो. दुसऱ्या सकाळी मी बादली घेऊन फाटकाबाहेर गेलो. रांजण काठोकाठ भरलेला होता. तो थुंकलेला माणूस वाकून बारदानावर पाणी शिंपडत होता.