मेंढीचा काळा रंग

खुटबावच्या म्हाळसाबाई केडगावजवळच्या फायबरच्या पुतळ्यांच्या कारखान्यात लागल्या, तेव्हा मालकांनी त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला. हॉटेलांच्या आणि शेतपर्यटनाच्या दारात उभे करायचे बैल, गाई, हरणं तिथं साच्यातून निघत. त्यांच्या अंगावरचे जोड घासून गुळगुळीत करायचे, एवढंच बाईंचं काम. दोन वर्षं त्यांनी ते केलं. वय सत्तेचाळीस. निम्मं आयुष्य मेंढरांमागं फिरण्यात गेलेलं. पुढं सासरच्यांनी मेंढरं विकून शेती धरली आणि पाय एका जागी आले.

रंगकाम सुदर्शन करायचा. दौंडचा, तिशीच्या आतला, बोलायला कमी. पेनाएवढी एअरब्रशची गन, तिच्यावर रंगाची इवलीशी वाटी, मागं कॉम्प्रेसरची नळी. फुर्र असा आवाज व्हायचा आणि पांढऱ्या बैलाच्या मानेखाली सावली उतरायची. म्हाळसाबाई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथंच जाऊन बसत. एक दिवस त्यांनी विचारलं, "पेंटर, हे मला जमंल का?"

सुदर्शन हसला नाही. आधी रद्दीवर ठिपके मारा म्हणाला.

ठिपके काही गोल येईनात. खटका दाबला की नुसती हवा, तोच मागं ओढला की रंग, आणि दोन्ही एकाच बोटानं. बाईंचं बोट एकदम मागं जाई, कागदावर रंगाचं डबकं होई आणि हवेनं त्याला कोळ्यासारखे पाय फुटत. रंग घट्ट राहिला की गनचं तोंड तुंबायचं. सुदर्शननं सांगितलं, दुधाएवढा पातळ करा.

"कुठल्या दुधायेवढा? गाईच्या का मेंढीच्या?"

मेंढीचं दूध दाट असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग गाईचं ठरलं.

महिन्याभरात ठिपके सुधारले, रेघा सरळ झाल्या. मग तो रंग कालवायला शिकवू लागला. पिवळ्यात जरासा निळा गेला की पोपटी, आणखी गेला की उसाच्या पाल्याचा हिरवा. बाईंना त्यात एवढी गोडी लागली की त्या सगळंच सगळ्यात मिसळून बघत आणि दर वेळी वाटीत चिखल होई. तीनच्या वर जाऊ नका, असं सुदर्शननं बजावलं. तरी त्या जात.

अशात शिरूरकडच्या एका शेतपर्यटनवाल्यानं सहा मेंढ्या सांगितल्या. सुदर्शननं मोबाइलवरचा फोटो बघून पहिली रंगवली. कापसासारखी पांढरी, गुलाबी तोंडाची. म्हाळसाबाई तिच्याभोवती फिरल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही आपल्याकडची न्हाई. आपली काळी असती."

त्यानं दुसरी मेंढी त्यांच्यापुढं सरकवली. "मग ही तुम्ही रंगवा, मावशी."

बाईंनी डब्यातला काळा पातळ करून मारला. कुठं ओघळ नाही, कुठं डाग नाही. पण लांबून ते डांबराचं पिंप दिसत होतं. सुदर्शन म्हणाला, डब्यातल्या काळ्यात जीव नसतो, निळा आणि तपकिरी मिसळून काळा करा. तसा केल्यावर बरा दिसला, पण त्यातून खरी मेंढी काही उभी राहीना. तीन दिवस बाईंनी त्यात घालवले. कमी काय पडतंय तेच कळेना.

"आयुष्य मेंढरांत गेलं आन् मला मेंढी आठवंना," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

त्यांचा थोरला भाऊ ज्ञानू अजून मेंढरं राखतो. त्याचा कळप तेव्हा मांडवगण फराट्याला एका मोकळ्या रानात बसलेला होता. रविवारी सकाळी बाई तिथं गेल्या. पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडे, प्रत्येकावर काळ्या-तपकिरी रंगाचा वेगळा ठिपका. त्या एकेक तुकडा मेंढीच्या अंगाला लावून बघू लागल्या. एकही जुळेना. ज्ञानूनं बराच वेळ बघून घेतलं आणि बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे का, अशा सुरात चहा विचारला.

मग बाईंनी एका मेंढीच्या पाठीवरची लोकर बोटांनी फाकवली. आतून ती काळी होती, अगदी त्यांनी कालवलेल्या काळ्यासारखी. वरची टोकं मात्र तांबूस होती. पाठीवर जास्त, कुशीला कमी, पोटाखाली अजिबात नाही.

"दादा, ही वरून तांबडी कवापासनं?"

"कायमचीच हाय. उन्हानं करपती लोकर. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. पण रंग म्हणून तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी वीतभर अंतरावरून, हात हलता ठेवून, काळ्यावर तांबूस रंगाचा नुसता धुरळा सोडला. पाठ, मग थोडी कूस. एका कानावर ओघळ आला, तो थिनरनं पुसून पुन्हा रंगवावा लागला. पण सुदर्शन आपलं काम सोडून बघत उभा राहिला होता. त्यानं मेंढीच्या पाठीवर हात ठेवायला नेला आणि रंग ओला आहे हे आठवून मागं घेतला. उरलेल्या चारही त्यानं बाईंनाच दिल्या.

मेंढ्या न्यायला आलेला शेतपर्यटनवाला आधी काळ्या रंगाला कुरकुरला. मग बरोबर आलेले त्याचे वडील वाकून एकेकीच्या पाठीकडं बघत राहिले आणि ह्याच न्यायच्या म्हणाले. पांढरीही त्यांनी सोडली नाही. शिरूरकडच्या त्या बागेत आता पाच काळ्या आणि एक परदेशी पांढरी अशा एकत्र चरताना दिसतात.

म्हाळसाबाई सकाळी अजून पॉलिश पेपरच मारतात. दुपारनंतर गन धरतात. सध्या त्यांच्यापुढं एक कोंबडा आहे. त्याच्या मानेवरचा हिरवा उन्हात निळा कसा होतो, हे त्यांना अजून सापडलेलं नाही, आणि घाईही नाही.