ताऱ्याचा तुटका हात

बातमी आली तेव्हा मी सरोजिनी नगरच्या बाजारात एका कुर्त्यावरून अशी घासाघीस करत होते, की बघायला अर्धी दिल्ली जमली होती. फोनवर मेश्रामभाऊजी होते, नंदाचे यजमान. "वहिनी, नंदा गेली," म्हणाले. आणि मग, "टँकचा दिवा बंद करू की राहू देऊ?" तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पाचव्या मजल्यावरच्या माझ्या घरातून दुसऱ्यावर त्यांच्याकडे, तिथून परत वर. दिल्लीतल्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीतली लिफ्ट माझ्यामुळे दमलीय.

नंदा माझी सरकारी क्वार्टरमधल्या दिवसांपासूनची शेजारीण. मूळची भंडाऱ्याची. ऑफिसात तिचा असा दरारा, की सेक्शनमधले पंखेही तिला विचारून फिरायचे. निवृत्त झाल्यावर लोक सहलींना जातात. हिने समुद्रच घरी आणला. जिथे नळाला गोडं पाणी यायची मारामार, तिथे हॉलमधल्या काचेच्या टँकमध्ये खारं पाणी, प्रवाळ, खडक, मासे! उन्हाळ्यात लू सुटली की टँकमधलं पाणी उडायचं आणि मीठ मागे राहायचं. मग ही रोज आरओचं पाणी बेताबेताने घालायची. "आमटीसारखंच आहे गं रजनी," म्हणायची, "आटली की खारट होते."

त्या टँकमध्ये एक हिरवा तारा आला. ब्रिटल स्टार, तारामाशाचा लांबचा चुलतभाऊ, पाच सापासारखे हात, आणि ते पटकन तुटतात म्हणून तसं नाव. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, एकदम शरीफ है." या जातीचे बरेचसे तारे असतातही शरीफ, खाली पडलेला कचरा खाऊन राहतात. पण हा हिरवा! थोड्याच दिवसांत एक छोटा नारिंगी मासा दिसेना, मग दुसरा. नंदा टँकसमोर वेताच्या मोढ्यावर ठाण मांडून बसली आणि चोर पकडला. संध्याकाळी दिवा मंद झाला की हा हातांवर उभा राहून तंबू करायचा. मासा आसऱ्याला आत शिरला की तंबू खाली. मी सोसायटीभर सांगितलं की मेश्रामांकडच्या ताऱ्याने आवारातली मांजर गिळली. मांजर तशीही आठवडाभर दिसली नव्हती.

भाऊजी म्हणाले, परत देऊन टाक. नंदाने ऐकलं नाही. छोटे मासे तिने स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवले, मोठ्यात फक्त बशीएवढाले ठेवले. आणि रोज संध्याकाळी, दिवा मंद व्हायच्या आधी, लांब चिमट्याने काचेवर टकटक करून कोळंबीचा तुकडा थेट ताऱ्याच्या हातापाशी धरायची. मी विचारलं, पोट भरलं की सुधारेल का गं तो?

"स्वभाव नाही जात कुणाचा," ती म्हणाली. "म्हणून लहानांना दूर ठेवायचं. आणि त्यालाही उपाशी नाही ठेवायचं."

एकदा खडक हलवताना त्याचा एक हात अर्ध्यातून तुटला. मी हळहळले, ती नाही. "येतो परत. घाई करायची नाही." मग त्या थोटक्या हाताला फुटलेलं फिकट टोक ती रोज मला बोलावून दाखवायची. मला काही म्हणजे काही फरक दिसत नसे.

नंदाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि परत जाता जाता त्यांची लेक म्हणाली, "पप्पा, देऊन टाका ना यार टँक, मेंटेन कोण करणार?" भाऊजी मान हलवत राहिले. त्यांना चिमटा धरवत नव्हता, मोढ्याकडे बघवत नव्हतं. कोळंबी मीच टाकत होते, पण अंदाधुंद. ती मासेच पळवत, आणि तारा पुन्हा तंबू करू लागला. समोरच्या टॉवरमधले एक गृहस्थ टँक न्यायला तयार झाले. त्यांना छोटे रंगीत मासे भरायचे होते, ताऱ्याचं काय ते नंतर बघणार होते. म्हणजे फेकणार होते. मी लगेच मांजरीची गोष्ट काढली. मिशांसकट गिळली, मी म्हणाले. गृहस्थ हसले आणि भाऊजींना विचारलं, "सच है क्या, मेश्रामजी?"

आमचे भाऊजी म्हणजे, संसारभर खोटं बोलायचं झालं तर आधी नंदाला विचारतील असे. ते टँककडे बघत शांतपणे म्हणाले, "बिल्ली नहीं थी. कुत्ता था."

गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. भाऊजी उठले, फ्रीजमधून कोळंबी काढली, चिमटा घेतला. सवय नव्हती, त्यामुळे टकटक जरा जास्तच झाली. तारा काही बाहेर येईना. "बसा ना वहिनी," त्यांनी मोढा पुढे सरकवला. मी उभीच राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग खडकाखालून एक हात आला, तोच, तुटका, आणि कोळंबीभोवती गुंडाळला.

नंदा गेली तेव्हापासून त्याचं फिकट टोक वाढलंय. मला दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं. यात मी काहीही वाढवून सांगितलेलं नाही.