सार्जंटची पहिली बायको

मेरीपोर्टच्या ग्रंथालयात मी नोकरीची सव्वीस वर्षं काढली. पूर्वजांचा शोध घेणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण नॉर्मन ब्युशरइतकं चिवट कुणी नव्हतं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी तो यायचा, ओला कोट खुर्चीवर टाकायचा आणि जुन्या नोंदींच्या फिल्मच्या यंत्राला डोळे लावून बसायचा. त्याचे पणजोबा, सार्जंट जोनस ब्युशर, राणीच्या काळात एकोणीस वर्षं पलटणीबरोबर परदेशी होते. नॉर्मन माजी सैनिकांच्या क्लबचा सेक्रेटरी. दर नोव्हेंबरला हुतात्म्यांच्या स्मरणाच्या दिवशी तो सार्जंटवर भाषण करायचा, आणि आम्ही ते मुकाट्याने ऐकायचो.

एका वर्षी त्या दिवशीच्या मिरवणुकीत क्लबचा झेंडा धरणारा माणूस आजारी पडला. क्लबची साफसफाई करणारी आयडा लिट म्हणाली, "मी धरते की. खांदे अजून शाबूत आहेत माझे."

नॉर्मनने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आयडा, तुमच्या घराण्याने गरीबखान्याच्या लाद्या पुसल्या. झेंड्याला वेगळे हात लागतात."

सगळे हसले. मीही हसले. आयडाने बादली उचलली आणि आत गेली.

पुढच्या वसंतात नॉर्मनला सार्जंटच्या लग्नाची नोंद मिळाली. अठराशे त्रेसष्ट, माल्टा. नवऱ्यापुढे लिहिलं होतं, 'विधुर'. म्हणजे आधी एक बायको होती. नॉर्मन लहान पोरासारखा खूश झाला. दोन महिने तो तिच्या मागावर होता आणि ती सापडली ती आमच्याच गावच्या, टेकडीवरच्या गरीबखान्याच्या, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या घराच्या, वहीत. 'हॅना ब्युशर, वय चोवीस. नवरा पलटणीबरोबर परदेशी. सोबत मुलगी मार्गारेट.' साल अठराशे सत्तावन्न.

"सापडली, विनी," तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की पेपर वाचणाऱ्यांनी माना वळवल्या.

तेव्हा पलटण निघाली की शंभरातल्या मोजक्याच बायकांना जहाजावर घेत. टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरवत. हॅनाच्या चिठ्ठीवर 'मागे राहायचं' असं आलं असणार. कायद्याने नवऱ्याच्या गावाने बायकोला पोसायचं, म्हणून देशाच्या दक्षिणेकडची ही मुलगी कधी न पाहिलेल्या मेरीपोर्टला येऊन पडली.

नॉर्मन फिल्म पुढे सरकवत गेला. एकसष्टच्या जनगणनेत ती तिथेच. एकाहत्तरमध्ये तिथेच. एक्याऐंशीतही तिथेच, धुणं धुणारी म्हणून. आणि सार्जंट तर शहात्तर साली नवी बायको नि मुलं घेऊन गावात परतले होते. घर टेकडीच्या पायथ्याशी.

नॉर्मनने यंत्र बंद केलं.

"'विधुर' लिहिलं तेव्हा जिवंत होती ती," तो म्हणाला. "दर रविवारी चर्चला जाताना सार्जंट तिच्या फाटकावरून जात असतील. आणि मी ओरडलो, सापडली म्हणून."

मुलगी मार्गारेट बाराव्या वर्षी कुणाच्या तरी घरी कामाला लागली, पुढे तिचं लग्न झालं. सासरचं आडनाव मी नॉर्मनला वाचून दाखवलं. ते आयडाच्या आजीचं माहेरचं नाव होतं, आम्हा दोघांनाही ठाऊक असलेलं.

तीन मंगळवार नॉर्मन आला नाही. चौथ्याला आला तो कोट न काढताच. "माझ्याबरोबर चल," म्हणाला. "एकट्याने आयडापुढे उभं राहवणार नाही."

आयडा क्लबात खुर्च्या रचत होती. नॉर्मनने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"काय नाव म्हणालास तिचं?"

"हॅना."

"आमच्या घरी नुसतं 'टेकडीवरची म्हातारी' म्हणायचे. नाव कुणाला ठाऊक नव्हतं."

"आयडा, त्या दिवशी मी झेंड्यावरून जे बोललो, त्याची मला लाज वाटते."

"का? नात्यातली निघाले म्हणून? परकी असते तर वाटली असती का?"

नॉर्मन तिने खाली ठेवलेली खुर्ची उचलून रचायला लागला. मी जमिनीकडे पाहत होते.

"नोव्हेंबरात बोल हे," आयडा म्हणाली. "सार्जंटबद्दल बोलायचास ना, तेवढ्याच मोठ्या आवाजात. मला येऊन कानात सांगू नकोस, सेक्रेटरीसाहेब."

नोव्हेंबरात तो बोलला. आवाज इतका खाली गेला होता की मागून कुणीतरी म्हणालं, "नॉर्मन, ऐकू येत नाही." त्याने कागद सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. त्याचा भाऊ एडगर मध्येच उठून गेला. पुढे तो नॉर्मनशी कधी बोलला नाही. नॉर्मनने सेक्रेटरीपद सोडलं. हॅनाची कबर मात्र त्याला मिळाली नाही. गरीबखान्याची माणसं जिथे पुरत, तिथे दगडही नाहीत आणि क्रमांकही नाहीत. रस्त्यात आयडा भेटली की त्याला मानेनेच ओळख द्यायची, त्यापलीकडे काही नाही.

मला माझं सांगायला आणखी एक हिवाळा लागला. क्लबात ती एकटीच आवरत होती तेव्हा मी गेले आणि म्हटलं, "आयडा, त्या दिवशी मीही हसले होते."

"आठवतंय मला," ती म्हणाली, आणि टेबलाचं दुसरं टोक धरायला सांगितलं.